मदत हवी आहे: फायरफॉक्समधले बुकमार्कचे टॅग फोनवर वापरायचेत

लॅपटॉपवर (विंडोज) फायरफॉक्समध्ये बरेच बुकमार्क आहेत, फोल्डर फारसे नाहीत, सगळं टॅगवर चालतं. म्हणजे एकाच लिंकला 'भूमिती' आणि 'दहावी' दोन्ही टॅग, मग अ‍ॅड्रेस बारमध्ये अधिकचं चिन्ह, एक स्पेस आणि भूमिती टाईप केलं की त्या टॅगच्या लिंक समोर येतात. फार सोयीचं आहे हे, सोडायचं नाहीये.

प्रॉब्लेम अँड्रॉइड फोनवर. सिंक चालू आहे, डेस्कटॉप बुकमार्कमध्ये फोल्डर नीट दिसतात, पण टॅग कुठेच दिसत नाहीत, आणि वर्गात शिकवताना फोनच हाताशी असतो.

एचटीएमएल एक्सपोर्ट करून पाहिलं, फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर प्रत्येक लिंकपुढे टॅग लिहिलेले आहेत, पण त्यावरून फोल्डर काही बनत नाहीत. लॅपटॉप शाळेचा आहे त्यामुळे एक्स्टेन्शन टाकता येत नाही, आणि ब्राउझर बदला हा सल्ला प्लीज नको.

आता एकच मार्ग सुचतोय, कंट्रोल+शिफ्ट+ओ करून लायब्ररीत एकेका टॅगमधल्या सगळ्या लिंक कॉपी करून त्याच नावाच्या फोल्डरमध्ये पेस्ट करायच्या. असं कोणी केलंय का? नंतर त्यातली एखादी कॉपी डिलीट केली तर मूळ बुकमार्कचे टॅग शाबूत राहतात का?