मदत हवी आहे: सेट मेन्यूच्या ऑफरमध्ये आई-बाबांना नेऊ का?

येत्या गुरुवारी आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. लोअर परळच्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये सध्या तीन कोर्सचा सेट मेन्यू निम्म्या दरात आहे. एरवी ते आमच्या खिशाला झेपत नाही. पण बाबांचा गुरुवार, म्हणजे शाकाहारीच, आणि आईचा जीव कोळंबीत. एकाच टेबलावर दोन्ही मेन्यू देतात का?

मागे एका ठिकाणी ऑफरवाल्यांना दाराजवळचं टेबल दिलं, चमचाभर रिसोटो आला, आणि आईने घरी येऊन दहीभात कालवला. तिचा तो चेहरा अजून आठवतो. बिलावर ५ टक्के जीएसटी धरलाय. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, पण ऑफरमध्ये तो काढायला सांगितला तर कुरकुर करतात का? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज मंगळवारपर्यंत सांगा, टेबल बुक करायचंय.