मदत हवी आहे : साध्या वस्तूंच्या फोटोंची मांडणी कशी करावी?

नमस्कार मंडळी. छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांचा १९२८ सालचा जेवणाच्या काट्याचा फोटो पाहिल्यापासून घरातल्या वस्तूंचे फोटो काढायचं मनावर घेतलंय. बशीच्या कडेला टेकलेला एक काटा आणि त्याची सावली, एवढंच आहे त्यात, पण नजर हटत नाही!

माझ्याकडे ५० मिमीची लेन्स आहे. खिडकीतून बाजूने उजेड घेते, पलीकडून पांढरा कागद धरला की सावल्या मऊ होतात. इथवर जमतं. अडतं ते मांडणीत. नुसती कात्री किंवा चष्मा ठेवला की वस्तू नीट दिसते, पण फोटो कॅटलॉगमधला वाटतो. एक तृतीयांशाचा नियम (चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग करून वस्तू त्या रेषांवर ठेवायची) लावूनही त्यात जीव येत नाही. वस्तू चौकटीच्या कडेला अर्धी कापावी का? रिकामी जागा किती सोडायची, हे तुम्ही कसं ठरवता? आणि सावलीलाच विषय करायचा तर उजेड किती खालून घ्यावा?

शिवाय स्टीलच्या चमच्यात कॅमेराच दिसतो. धातूवरच्या चकाकीला पोलरायझर (चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) फारसा उपयोगी नाही. कोन बदलण्यापलीकडे काय करता?

तुमचे फोटो टाकलेत तर उजेड कुठून होता तेही लिहा, प्लीज.