‘रांत्रे’ला मराठीत काय म्हणाल?

मृण्मयी_प
एका दिवाळी अंकासाठी फ्रेंचमधून एक छोटा ललित लेख मराठीत आणते आहे आणि एकाच शब्दाशी अडून बसले आहे. शब्द आहे ‘ला रांत्रे’, म्हणजे सुट्टीनंतर परतून शाळा-कामं पुन्हा सुरू होणं. लेखातली बाई ऑगस्टच्या शेवटी गावाहून पॅरिसला परत येते, पावाच्या दुकानात जाते, आणि दुकानदारीण सुटे पैसे हातावर ठेवता ठेवता म्हणते, “बॉन रांत्रे!”, म्हणजे ‘रांत्रे छान जावो’. मी आधी ‘नव्या शालेय वर्षाच्या शुभेच्छा’ असं लिहिलं होतं. पण या बाईला मूलबाळ नाही आणि ती शिक्षिकाही नाही, त्यामुळे मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने तिथेच लाल रेघ मारली. तिच्या मते ‘सुट्टी संपली’ एवढं पुरे आहे. मला ते पटत नाही. ‘सुट्टी संपली’ म्हटलं की सूर रडवा लागतो, आणि इथे तर समोरची शुभेच्छा देते आहे. ‘पुनरारंभ’ लिहून पाहिलं, ते सूचनाफलकावरचं वाटतं. तुम्ही काय लिहाल?

दुरेघी
मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. आमची शाळा रोज भरते आणि रोज सुटते, पण ‘उघडते’ ती मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतरच. ‘शाळा उघडली’ हा शब्द पालकांच्याच काय, रिक्षावाल्या काकांच्या आणि वह्यापुस्तकांच्या दुकानदारांच्याही तोंडी असतो. पहिला पाऊस, खाकी कव्हरं, नवा रेनकोट, सगळं त्या एका शब्दात येतं. तुमच्या बाईला तो लागू नाही हे खरं, पण जवळचा आहे.

रोनकाठी
मृण्मयी, मी फ्रान्समध्ये लिओंला राहते, त्यामुळे जे रोज बघते ते सांगते.

रांत्रे शाळेपासून सुरू होते, पण शाळेपाशी थांबत नाही. इथे लोक सुट्टीवर गटागटाने जातात. जुलैत जाणाऱ्यांना आणि ऑगस्टात जाणाऱ्यांना वेगवेगळी नावंच आहेत, ‘जुइएतिस्त’ आणि ‘औसियां’. पगारी रजा १९३६ साली दोन आठवड्यांची मिळाली, ती वाढत वाढत १९८२ साली पाच आठवड्यांची झाली, आणि त्यातला मोठा तुकडा लोक उन्हाळ्यातच घेतात. ऑगस्टात आमच्या गल्लीत चांभार, खाटीक, चष्मेवाला, सगळ्यांची शटरं खाली. शटरवर हाताने लिहिलेला कागद: वार्षिक सुट्टी, अमुक तारखेला उघडू. पॅरिसमध्ये तर पाववाल्यांनी एकदम दुकानं बंद ठेवू नयेत म्हणून २०१४ पर्यंत सरकारी हुकमाने पाळ्या लावून दिलेल्या असत, काहींनी जुलैत जायचं, काहींनी ऑगस्टात.

मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं एकदम जागं होतं. २०२५ मध्ये १ सप्टेंबरच्या सोमवारी मुलं शाळेत गेली, शिक्षक त्याआधीच्या शुक्रवारी. त्याच सुमारास टीव्हीवर नवे कार्यक्रम लागतात, पक्षांचे नेते भाषणं ठोकायला परत येतात, कामगार संघटना मोर्चाच्या तारखा जाहीर करतात. गावोगाव संस्थांचा मेळा भरतो आणि मुलांचं ज्युदो, मोठ्यांचं समूहगान असल्या सगळ्यांची वर्षाची नावनोंदणी तिथेच होते. डायऱ्यासुद्धा सप्टेंबर ते ऑगस्ट अशा मिळतात. दुकानदारीण जे म्हणते ते या सगळ्याबद्दल. मूलबाळ नसलेल्या बाईलाही रांत्रे असतेच.

शब्दवेल्हाळ
शब्दाची फोड केली की उत्तर समोर येते. ‘रांत्रे’ म्हणजे पुन्हा आत येणे. मराठीत ‘पुनःप्रवेश’ हा नेमका, शुद्ध आणि कोणालाही कळणारा शब्द आहे. तो जड वाटतो कारण आपण तो वापरत नाही. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हा तेही जड वाटलेच असतील, आज ते जड वाटतात का? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच जाणिवेने. अनुवादकाने वाचकाला थोडे वर खेचले पाहिजे.

वर्धेची_पोर
शब्दवेल्हाळजी, ‘पुनःप्रवेश’ म्हटलं की मला तर अवकाशयानच दिसते, वातावरणात शिरताना तापून लालभडक झालेलं. बातम्यांमध्ये हा शब्द तिथेच वाचला आहे. नाहीतर मग नापास झालेल्या पोराचा शाळेत पुनःप्रवेश. पावाच्या दुकानातली बाई “शुभ पुनःप्रवेश” म्हणाली तर वाचक अंक मिटून ठेवीन.

रोनकाठी
गंमत अशी की फ्रेंचमध्ये अवकाशयानाच्या त्या प्रवेशालाही रांत्रेच म्हणतात. पण तिथे शब्द रोजच्या वापरातून वर गेला. आपल्याकडे तो वरून खाली आणायचा म्हणता, ते अवघड आहे. आणि फोड करून अर्थ पूर्ण हाती लागत नाही. ‘रांत्रे’ हे क्रियापद इथे मुख्यतः घरी येण्यासाठी वापरतात. संध्याकाळी ऑफिसातून निघताना माणूस “ज रांत्र” म्हणतो, म्हणजे ‘मी निघालो घरी’. त्यामुळे सुट्टीहून परतणाऱ्यांच्या त्या शब्दात घरी येण्याची ऊब आहे. ‘प्रवेश’ म्हटलं की ती निघून जाते. प्रवेशाला तिकीट लागतं.

जमाखर्च
माझी हयात हिशेब तपासण्यात गेली, फ्रेंच निवृत्तीनंतर शिकलो. फ्रेंच हिशेबात ‘रांत्रे’ म्हणजे आलेले पैसे. ‘रांत्रे दार्जां’ म्हणजे आपली आवक. शेतकरी वाळलेलं गवत पावसाआधी आत घेतो, तिथेही हेच क्रियापद. म्हणजे बाहेर पांगलेलं आत येणं, जमा होणं, हा या शब्दाचा गाभा.

यावर माझा शब्द: रुजू होणे. रजेवरून आलेला माणूस कामावर रुजू होतो. यात परत येणंही आहे आणि कामाला लागणंही आहे. अर्ज, आदेश, पत्रं, सगळीकडे वापरात आहे, कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि फ्रेंच शब्दासारखाच याचाही एक पाय हिशेबात आहे. हिशेबाची रुजवात घालणे म्हणजे दोन वह्या समोरासमोर ठेवून ताळा पाहणे. मृण्मयीताई, “आता सगळं शहर पुन्हा रुजू होत होतं” असं वाक्य लिहून पाहा.

तळकोकणी
रुजू शब्द आवडला! आमच्याकडे मिरगाच्या सुमाराला भात रुजत घालतात. बी भिजवून, पाणी काढून, दडपून ठेवायचं, मोड आले की पेरायचं. आणि शाळाही त्याच दिवसांत उघडते. सुट्टीहून आलेला माणूस जागच्या जागी पुन्हा रुजतो, म्हणून रुजू. फ्रेंच शब्दाला यापेक्षा चांगला जोड नाही मिळायचा.

जमाखर्च
तळकोकणी, चित्र सुंदर आहे, पण रुजू आणि रुजणे यांचा संबंध नाही. रुजू हा अरबी ‘रुजूअ’, फारसीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ परत फिरणे, वळणे. कोणी गेल्यावर मुसलमान मंडळी “इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन” म्हणतात, आपण ईश्वराचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत. त्यातलं ‘राजिऊन’ याच धातूचं. म्हणजे रुजू होण्याच्या पोटात परतणं आधीपासून बसलेलं आहे. म्हणूनच तो रांत्रेला इतका चपखल बसतो.

शब्दवेल्हाळ
म्हणजे परकीय शब्दाला परकीयच शब्द द्यायचा. मग रांत्रेच ठेवा, निदान प्रामाणिक तरी राहील.

जमाखर्च
रुजू परका? हजर, रजा, अर्ज, नक्कल, तारीख हे सगळे काढून टाका आणि ‘मी रजा संपवून हजर झालो’ एवढंच लिहून दाखवा. ज्या शब्दावर शेकडो वर्षं मराठी माणसाने दप्तर चालवलं तो मराठीच. शब्दाचं गाव कुठलं ते विचारावं, पण त्यावरून त्याला पंक्तीतून उठवू नये.

मृण्मयी_प
जमाखर्च काका, तुमचं वाक्य निवेदनात बसतंय, ते वापरीन असं वाटतंय. पण “बॉन रांत्रे” मात्र तिथेच आहे. दुकानदारीण काही “रुजू व्हा” म्हणणार नाही. आपल्याकडे असं कोणी कोणाला म्हणतं का मुळात?

वर्धेची_पोर
आपल्याकडे सगळ्यांची सुट्टी एकदम संपतच नाही, तर म्हणणार कोण? पुण्यामुंबईच्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आमच्याकडे ऊन उतरत नाही म्हणून जूनचा शेवट. कोर्टाची उन्हाळी सुट्टी वेगळी, कारखान्याची वेगळी, दुकानदाराला तर नाहीच. एक दसरा तेवढा सगळ्यांचा. पाऊस संपला, शस्त्रं पुजली, सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघाल्या. वर्षाचं खरं काम तिथून सुरू व्हायचं. सोनं देताना आपण शुभेच्छाही देतो. मला तर आपली रांत्रे दसराच वाटते.

रोनकाठी
ताई, काळ जुळतो, दिशा उलटी होते. सीमोल्लंघन म्हणजे वेस ओलांडून बाहेर पडणं. रांत्रे म्हणजे बाहेरून वेशीच्या आत येणं. लेखात दसरा आला तर पॅरिसची बाई घोड्यावर बसलेली दिसेल.

पण ऋतूंचा मुद्दा इथेही आहे. पूर्वी फ्रान्समध्ये शाळा १ ऑक्टोबरला उघडत. १९५० च्या दशकात शिकलेले माझे शेजारी आजोबा अजून रांत्रे म्हटलं की ऑक्टोबर, धुकं आणि चेस्टनटची फळं यांच्याच गोष्टी सांगतात. द्राक्षांच्या तोडणीला मुलांचे हात लागत म्हणून शाळा उशिरा उघडे, असं ते म्हणतात.

तळकोकणी
आमच्याकडे शाळेला दांडी मारून भातलावणीला जायचो. तसंच की.

दुरेघी
रोनकाठी, शाळेचं आणखी लिहा ना. तिथल्या मुलांना वह्या कसल्या लागतात?

रोनकाठी
दुरेघी बाई, हा माझा आवडता विषय. शाळा जूनमध्येच यादी हातात देते, आणि यादी इतकी काटेकोर की वहीचं माप सेंटिमीटरमध्ये, पानं ९६, कव्हराचा रंग विषयाप्रमाणे. ऑगस्टच्या शेवटी सुपरमार्केटमध्ये याद्या घेतलेले आईबाप एकमेकांच्या ढोपरांना धडकत डिंकाच्या कांड्या शोधत असतात. ज्यांची कमाई बेताची त्यांना ६ ते १८ वर्षांच्या मुलांमागे सरकारकडून रक्कम मिळते, ती १९७४ पासून सुरू आहे आणि ऑगस्टच्या मध्यावर खात्यात पडते. तिच्याही नावात रांत्रे आहे.

वही आपल्या दुरेघीसारखी नाही. तिला ‘सेयेस’ आखणी म्हणतात, पाँत्वाझ गावच्या सेयेस नावाच्या पुस्तकविक्रेत्याने १८९२ साली ती नोंदवली. ८ मिलिमीटरचे चौकोन, प्रत्येकात तीन बारीक आडव्या रेघा २-२ मिलिमीटरवर, डावीकडे लाल समास. बारकं अक्षर पहिल्या रेघेपर्यंत, ‘t’चा दांडा दुसरीपर्यंत, ‘l’चा फास तिसरीपर्यंत. माझा मुलगा पहिलीत गेला तेव्हा बाईंनी पालकसभेत अर्धा वेळ याच्यावरच घेतला. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकावर वर्गांच्या याद्या चिकटवतात आणि आईबाप मुलाला खांद्यावर घेऊन नाव शोधतात. आम्हीही शोधत होतो. आमचं आडनाव फ्रेंच वर्णक्रमात कुठे येतं तेच क्षणभर सुचेना.

दुरेघी
अक्षर कुठल्या रेघेपर्यंत न्यायचं हे इतकं ठरवून शिकवतात, याचा फार आनंद वाटला. आपल्याकडे हल्ली एकरेघी थेट हातात देतात आणि मग अक्षर वाईट म्हणून ओरडतात.

मृण्मयी_प
हे सगळं वाचून मला एक सुचलं. फ्रान्समध्ये ‘साहित्यिक रांत्रे’ असते. ऑगस्टच्या मध्यापासून पुढच्या काही आठवड्यांत शेकडो नव्या कादंबऱ्या एकदम दुकानात येतात, कारण नोव्हेंबरात बक्षिसं असतात. १९०३ पासून चालत आलेल्या गाँकूर पुरस्काराची रक्कम फक्त १० युरो, पण त्याने पुस्तक लाखांत खपतं. आपल्याकडे १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकापासून दिवाळी अंकांचा हंगाम आहे, तोही सगळ्यांचा एकदम. मग ‘हंगाम’ हा शब्द कसा वाटतो? “नवा हंगाम सुखाचा जावो.”

शब्दवेल्हाळ
‘हंगाम’ हाही फारसी आहे.

वर्धेची_पोर
आणि आंब्याचा वाटते. पण वाईट नाही. फक्त परत येणं त्यात नाही.

रोनकाठी
शिवाय रांत्रे दर वेळी सप्टेंबरातलीच असते असंही नाही. न्यायालयांची औपचारिक रांत्रे जानेवारीत होते, लाल झगे घालून. संसदेचं नियमित अधिवेशन घटनेप्रमाणे ऑक्टोबरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी सुरू होतं, तीही रांत्रे. तिथे ‘हंगाम’ चालणार नाही, ‘रुजू’ चालेल. मी जमाखर्च काकांच्या बाजूने आहे. शुभेच्छेसाठी मात्र मी घरात मुलाला “चला, लागा कामाला, छान जाऊ दे वर्ष” असंच म्हणते. तो मला “बॉन रांत्रे, आई” म्हणतो.

तळकोकणी
जमाखर्च, मी रात्री विचार करत होतो. रुजू अरबी असेल, मान्य. पण ‘रुजवात’चं काय? “अमक्यांनी या गावात नाटकाची रुजवात केली” असं मी शंभरदा वाचलंय. तिथे ताळा पाहणं कुठे आहे? तिथे रोप लावणंच आहे.

जमाखर्च
तो चुकीचा वापर आहे. रुजुवात म्हणजे पडताळा. रुजणेशी नादसाम्य झालं आणि लेखक मंडळींनी तो पेरणीकडे ओढला. आमच्या पेढीत “रुजवात झाली का?” म्हणजे “आकडे जुळले का?” असंच विचारत.

तळकोकणी
लोक ज्या अर्थाने वापरतात तो अर्थ. तुम्हीच वर म्हणालात ना, वापरात असेल तो मराठीच. मग रुजवातीचा रुजणे-वाला अर्थ आता मराठी झाला.

शब्दवेल्हाळ
या एका बाबतीत मी जमाखर्च यांच्याशी सहमत आहे. चूक सार्वत्रिक झाली म्हणून ती बरोबर होत नाही.

जमाखर्च
शब्दवेल्हाळ, तुम्ही माझ्या बाजूने आहात पण कारण वेगळं देता आहात. माझा आक्षेप शुद्धतेचा नाही. पडताळा घेण्यासाठी एक चांगला जुना शब्द होता, तो दुसरीकडे गेला तर ते काम करायला कोण उरलं? ‘टॅली’? तळकोकणी, तुमच्याकडे देवळाच्या किंवा खोताच्या जुन्या हिशेबाच्या वह्या कोणाकडे असतील तर त्यात रुजुवात कशी लिहिली आहे ते बघून सांगा. उकार आहे की नाही, तेही.

तळकोकणी
चुलत्यांकडे देवस्थानच्या चोपड्या आहेत, मोडीत आहेत. मला मोडी येत नाही. कोणाला येतं?

दुरेघी
मला येतं. फोटो पाठवा, पान सपाट ठेवून काढा.