मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने मागितलेली माफी आणि आपल्याकडील आश्रमशाळा

प्रश्न (समुपदेशक, नांदेड)
ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटीने २०१६ मध्ये तेथील अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरच्या मूळनिवासींची जाहीर माफी मागितल्याचे वाचनात आले. किनवट तालुक्यातील आश्रमशाळांत मी समुपदेशनासाठी जातो. तेथे गोंड, कोलाम, आंध समाजांची मुले असतात. सरकारने माफी मागणे समजू शकते, पण व्यावसायिक संघटनेकडून असे काय घडले होते?

उत्तर (निवृत्त प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर)
ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत मागितलेली माफी प्रामुख्याने सरकारी धोरणानुसार आईवडिलांपासून हिरावलेल्या मूळनिवासी मुलांच्या पिढ्यांसाठी होती. संघटनेच्या माफीत मात्र व्यवसायाच्या रोजच्या कामाचाच हिशेब आहे: लोकांच्या श्रद्धा आणि जीवनदृष्टी लक्षात न घेता केलेली निदाने, त्यांची क्षमता कमी दाखवणाऱ्या चाचण्या, संशोधकांच्या पदरात लाभ टाकणारे पण समाजाला काहीच न देणारे संशोधन, आणि मुले हिरावली जात असताना बाळगलेले मौन. माझ्या मते यातील शेवटची कबुली सर्वांत जड आहे, कारण एरवी मौनाची जबाबदारी कोणीच घेत नाही. सलोख्याचा कृती आराखडा, म्हणजे मूळनिवासींशी संबंध सुधारण्यासाठी काय करायचे याची लेखी योजना, या संघटनेने २०१२ मध्येच स्वीकारला होता. म्हणजे काम आधी सुरू झाले आणि माफी नंतर आली. कॅनडातही मूळनिवासी मुलांच्या सक्तीच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाच्या २०१५ च्या अहवालानंतर तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशीच कबुली दिली.

उत्तर (सामाजिक कार्यकर्ता, धाराशिव)
बाईंचे म्हणणे मान्य आहे. तरी आराखडे कपाटातच राहतात, असा आमचा अनुभव आहे. इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमात’ ठरवलेला पारधी समाज कागदोपत्री त्या शिक्क्यातून विमुक्त झाला, पण चोरी कुठेही झाली तरी संशय आधी पालावरच येतो. अशा पालावरून आलेल्या मुलाच्या नोंदीत ‘संशयी व आक्रमक वृत्ती’ असे लिहिणारा तज्ज्ञ त्या मुलाने काय पाहिले आहे हे विचारत नसेल, तर त्याने निदान केले असे मी मानत नाही.

उत्तर (शालेय मानसशास्त्रज्ञ, नांदेड)
प्रश्नकर्त्यांना एवढेच सुचवते की, घरी कोलामी बोलणाऱ्या मुलाची बुद्धिमत्ता चाचणी मराठीतून घेतली असेल, तर अहवालात बुद्ध्यांकाच्या आधी चाचणीची भाषा, दुभाषी होता की नव्हता आणि त्या चाचणीचे प्रमाणीकरण (गुणांची सरासरी ठरवण्याचे काम) कोणत्या मुलांवर झाले आहे, हे लिहावे. मुख्याध्यापकांना केवळ आकडा हवा असतो, तो देण्याची घाई करू नये. पालक बाजारच्या दिवशी भेटतात, त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे.