ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते आणि डाव्या चाकातून बारीक किंचाळी येते: दोन्ही डिस्क बदलाव्यात का?

प्रश्न (अमळनेर)

नमस्कार. माझ्याकडे नऊ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे. तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत आणि ती आजवर ७८,००० किलोमीटर चालली आहे. आईच्या उपचारांसाठी महिन्यातून दोन-तीन वेळा अमळनेर ते धुळे असा प्रवास मी स्वतः करते, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत कोणतीही शंका मनात ठेवून मला गाडी रस्त्यावर काढायची नाही.

एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरहून परतताना कन्नडचा घाट उतरलो. पुढे गाड्यांची लांब रांग होती आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय जवळजवळ सतत ब्रेकवर ठेवून खाली आले. पायथ्याशी जळका वास आला, तेव्हा गाडी बाजूला घेतली आणि ती उतारावर सरकू नये म्हणून काही मिनिटे ब्रेक दाबूनच थांबले. त्या दिवसापासून तीन तक्रारी सुरू आहेत. गाडी हळू चालत असताना पुढच्या डाव्या चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि ब्रेकवर हलका पाय ठेवला की तो थांबतो. ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात थरथरते. तसेच जोरात ब्रेक लावला की गाडी किंचित उजवीकडे ओढते. ब्रेक नसताना मात्र ती सरळ जाते.

येथील एका मिस्तरींनी चाक न काढता, रिमच्या फटीतून विजेरीचा प्रकाश टाकून पाहिले आणि सांगितले की पॅड (डिस्कला दाबून वेग कमी करणारे ब्रेकचे तुकडे) भरपूर शिल्लक आहेत, पण डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, वाकली आहे, तेव्हा दोन्ही डिस्क नव्या पॅडसकट बदलाव्या लागतील. पॅड ११,००० किलोमीटरपूर्वीच बदलले होते. डिस्क खरोखर वाकली आहे की नाही, हे पैसे खर्च करण्यापूर्वी कसे तपासावे?

उत्तर (भुसावळ)

ताई, मी वाहन दुरुस्तीच्या कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त झालो आहे. आपण लक्षणे इतक्या नेमकेपणाने लिहिली आहेत की निम्मे निदान आपल्याच मजकुरात आहे. फक्त या तीन तक्रारींना एकच आजार समजू नका. प्रत्येकीचा माग स्वतंत्रपणे काढावा आणि मग त्या कोठे एकत्र येतात ते पाहावे.

पहिली तक्रार किंचाळीची. अनेक पॅडच्या पाठीवर पोलादाची एक छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅडचा मसाला झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती पट्टी फिरत्या डिस्कला टेकते आणि किंचाळते. पॅड संपत आल्याची ती सूचनाच असते. ब्रेकवर पाय ठेवल्यावर पट्टीचा कंप दाबला जातो, म्हणून आवाज थांबतो. आता आपण म्हणाल की मिस्तरींना तर पॅड जाड दिसले. त्यांना जाड दिसले असतील यात शंका नाही, पण रिमच्या फटीतून दिसतो तो फक्त बाहेरचा पॅड. आतला पॅड डिस्कच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असतो आणि चाक काढून कॅलिपरच्या, म्हणजे दोन्ही पॅड धरणाऱ्या जबड्याच्या, मागे डोकावल्याशिवाय तो नीट पाहता येत नाही. सूचना देणारी पट्टीही बहुतेक गाड्यांत आतल्या पॅडलाच असते.

दुसरी तक्रार ओढण्याची. ब्रेक लावल्यावर गाडी उजवीकडे जाते, याचा साधा अर्थ असा की उजवे चाक नीट धरते आहे आणि डावे कमी धरते आहे. अनेकजण गाडी जिकडे ओढते त्याच बाजूचे चाक उघडतात आणि तेथे काही सापडले नाही की गोंधळतात. आपली किंचाळी आणि आपले दुबळे चाक, दोन्ही डावीकडेच आहेत. माझा पहिला संशय डाव्या कॅलिपरच्या स्लायडर पिनवर आहे. छोट्या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरचा पॅडही डिस्कला लावतो. पिन गंजून अडकली की कॅलिपर सरकत नाही, सगळे काम आतल्या पॅडवर पडते, तो भराभर झिजतो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. ब्रेक सोडल्यावरही तो कॅलिपर पूर्ण मोकळा होत नाही, म्हणून ते चाक विनाकारण तापत राहते.

ही गोष्ट घरी पडताळता येते. पहाटे किंवा सकाळी लवकर पाच-सहा किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून, गाडी चालवा आणि ती सावलीत उभी करून पुढच्या दोन्ही रिमांजवळ, स्पर्श न करता, हाताची मागची बाजू धरा. एक चाक स्पष्टपणे अधिक तापलेले असेल तर तेथे ब्रेक धरून बसतो आहे. ही चाचणी मे महिन्यात आपल्याकडे दुपारी मुळीच करू नये, कारण उन्हाच्या बाजूचे रिम नुसते उभ्या गाडीतही हाताला चटका देते आणि निष्कर्ष चुकतो.

तिसरी तक्रार थरथरीची आणि तिच्याबद्दल मला थोडे आग्रहाने लिहायचे आहे. ‘डिस्क वाकली’ हे वाक्य आपल्या व्यवसायात फार सहज उच्चारले जाते. बिडाची जाड डिस्क एका घाटाने पापडासारखी वाकत नाही. बहुधा घडते ते असे की अतिशय तापलेल्या पॅडचा मसाला डिस्कवर पातळ थराने चिकटतो, आणि गाडी थांबवून ब्रेक दाबून ठेवला असेल तर पॅडच्या आकाराचा एक डागच तेथे उमटतो. पुढे त्या जागी पकड वेगळी मिळते, झीज असमान होते आणि डिस्कच्या जाडीत जागोजागी फरक पडतो. हा फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांइतका असला तरी स्टिअरिंगवर जाणवतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो मोजावा लागतो. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी कडेपासून सारख्याच अंतरावर आठ ठिकाणी मोजावी आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे साधन) लावून ती फिरताना किती डोलते ते पाहावे. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. जाडी त्या आकड्याखाली गेली असेल तर डिस्क बदलण्यावाचून पर्याय नाही. तसे नसेल तर बदलण्याची घाई करू नये.

उत्तर (शिरपूर)

भुसावळच्या काकांच्या निदानाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु गॅरेज चालवणारा म्हणून दोन गोष्टी आधी तपासून घ्याव्यात असे सुचवतो, कारण त्यांना काही खर्च नाही.

एक म्हणजे पुढच्या दोन्ही टायरमधील हवा. डाव्या-उजव्या हवेत चार-पाच पौंडांचा फरक असला तरी ब्रेक लावताना गाडी ओढू शकते आणि कॅलिपरवर नाहक आरोप येतो. दुसरी गोष्ट चाकाच्या नटांची. टायरच्या दुकानात हवेच्या गनने एक नट अतिघट्ट आणि दुसरा त्याहून सैल असे बसवले गेले की हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावर) डिस्क सरळ बसत नाही आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. अलीकडे टायर बदलले किंवा फिरवले होते का, हे कृपया कळवा. नट नेहमी समोरासमोरच्या क्रमाने आणि शेवटी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे आवळावेत.

पिन मोकळ्या निघाल्या तर ब्रेकचा रबरी होज पाइप पाहा. जुना होज आतून फुगून त्याची वाट अरुंद होते. दाबाने ऑइल पलीकडे जाते, पण पाय काढल्यावर ते लवकर परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतो. बाहेरून असा होज निर्दोष दिसतो. जॅकवर चाक जड फिरत असताना कॅलिपरचा ब्लीडर स्क्रू (ब्रेक ऑइल बाहेर काढण्याचा स्क्रू) किंचित सैल करावा. दाब निघून चाक लगेच मोकळे झाले, तर दोष होजमध्ये किंवा त्याच्याही मागे आहे. चाक तरीही जडच राहिले, तर पिन किंवा पिस्टन अडकला आहे.

प्रश्नकर्तीकडून (अमळनेर)

दोघांचेही मनापासून आभार. टायर दोन वर्षांत बदललेले नाहीत आणि दोन्हींत हवा सारखी होती. सकाळी सहा वाजता गाडी मारवडच्या रस्त्याने फिरवून आणली आणि अंगणातील कडुनिंबाखाली उभी केली. उजव्या रिमजवळ हाताला जेमतेम ऊब लागत होती, तर डाव्याजवळ क्षणभरापेक्षा अधिक हात धरवेना.

त्यानंतर दुसऱ्या गॅरेजमध्ये, माझ्यासमोर, दोन्ही चाके उघडून घेतली. उजवीकडील दोन्ही पॅड ७ मिलिमीटर आहेत. डावीकडील बाहेरचा पॅड ८ मिलिमीटर आणि आतला जेमतेम ३ मिलिमीटर निघाला. त्यावरील पोलादी पट्टीचे टोक घासून आरशासारखे चकाकत होते. डाव्या कॅलिपरची वरची पिन बोटाने सरकली, पण खालची पान्याने पिळूनही हलेना. अखेर ती निघाली तेव्हा तिच्यावर लालसर गंज आणि आपल्याकडच्या काळ्या मातीचा सुकलेला लेप होता, आणि तिच्या रबरी टोपीला नखाएवढी चीर होती. डिस्कवरील किमान जाडीचा आकडा १५ मिलिमीटर आहे, डावी १६.३ आणि उजवी १६.४ भरली. डाव्या डिस्कच्या आठ जागांमधील सर्वांत मोठा फरक ०.०३ मिलिमीटर होता. आता पुढे काय करावे?

उत्तर (शिरपूर)

ताई, डिस्क वाचल्या. आता काम घाईने होऊ देऊ नका.

नव्या टोप्यांसह पिनांचा संच दोन्ही बाजूंना घालावा. पिनांना सिलिकॉनचे, ब्रेकसाठीच बनवलेले ग्रीस लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस लावले तर त्यातील खनिज तेलाने रबर फुगते आणि वर्षभरात पिन पुन्हा अडकते. माझ्याकडे येणाऱ्या अडकलेल्या पिनांपैकी पुष्कळ अशाच असतात. पिनेच्या भोकात ब्रश घालून जुना गंज पूर्ण काढल्याशिवाय नवी पिन बसवू नये. दोन्ही चाकांचे चारही पॅड एकदम बदलावेत, कारण एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने पॅड ठेवले तर ओढण्याची तक्रार कायम राहू शकते. पॅड ज्या खाचांत सरकतात त्या तारेच्या ब्रशने साफ कराव्यात. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या डबीकडे एकाने लक्ष ठेवावे, कारण ऑइल वर चढून सांडले तर बॉनेटखालचा रंग निघतो. मोकळा केलेला कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवणे ही अक्षम्य चूक आहे. तो तारेने स्प्रिंगला बांधावा. ब्रेकची धूळ हवेच्या नळीने उडवू देऊ नका, ती श्वासात जाणे घातक आहे. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून घ्यावी.

०.०३ मिलिमीटरच्या फरकासाठी गाडीवरच डिस्कला हलका कट मारता येतो, म्हणजे तिचा पृष्ठभाग यंत्राने पातळसा तासून सारखा करता येतो, आणि आपल्या डिस्कमध्ये तेवढी जाडी आहे. तशी सोय जवळ नसेल तर हबवरचा गंज काढून, डिस्क पॉलिश पेपरने घासून बसवावी आणि नवे पॅड नीट बसू द्यावेत. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम ब्रेकने दहा-बारा वेळा वेग कमी करावा, दोन ब्रेकांमध्ये थोडी हवा लागू द्यावी आणि त्या दरम्यान गाडी पूर्ण थांबवून ब्रेक दाबून ठेवू नये. गॅरेजमधून निघण्यापूर्वी, इंजिन चालू ठेवून, पॅडल कडक लागेपर्यंत ते पंप करायला विसरू नका.

उत्तर (नंदुरबार)

माझा तोरणमाळचा घाट नेहमीचा आहे, म्हणून केवळ ब्रेक ऑइलबद्दल लिहितो. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा मुरलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ अंश आहे. घाटात पॅड तापून ती उष्णता कॅलिपरमधील ऑइलपर्यंत पोहोचली की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजासारखे खाली जाते. ताईंना जळका वास आला होता, म्हणजे उष्णता कमी नव्हती. ऑइल दोन वर्षांपूर्वीचे असेल तर चारही चाकांतून बदलून घ्यावे. कन्नड घाट उतरताना वरच दुसऱ्या गिअरमध्ये यावे, इंजिनाने गाडी धरू द्यावी आणि ब्रेक थोडा वेळ ठामपणे लावून पूर्ण सोडावा. पायथ्याशी थांबायचे झाल्यास सपाट जागा शोधावी, गाडी गिअरमध्ये टाकावी आणि चाकामागे दगड लावून ब्रेक मोकळा ठेवावा.

प्रश्नकर्तीकडून (अमळनेर)

चारही पॅड, दोन्ही बाजूंच्या पिना आणि टोप्या बदलल्या, आणि ऑइलही बदलले. डबीतून निघालेले जुने ऑइल काळ्या चहाच्या रंगाचे होते. डिस्कला कट न मारता पॉलिश पेपरने घासून बसवली. काल आईला घेऊन धुळ्याला जाऊन आले. किंचाळी पूर्ण गेली आहे आणि ब्रेक लावल्यावर गाडी सरळ थांबते. ताशी ८० च्या वेगात थरथर अगदी हलकी उरली आहे, हातांना जाणवते पण आईच्या लक्षात आली नाही. परतल्यावर दोन्ही रिम सारखेच कोमट होते.

उत्तर (भुसावळ)

ताई, उत्तम झाले. उरलेली थरथर पुढच्या ५०० किलोमीटरमध्ये कमी होत गेली तर तो चिकटलेला थर होता, तेव्हा काही करू नका. ती तशीच राहिली तर डाव्या डिस्कला गाडीवरच कट मारून घ्या, आणि त्यानंतर उरणारी जाडी १५ मिलिमीटरच्या वर आहे हे स्वतः मोजून घ्या. पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, चाके काढून दोन्हीकडचे आतले पॅड आणि पिनांच्या टोप्या एकदा पाहा. डावीकडचे जुने दोन पॅड टाकून देऊ नका. डिक्कीत ठेवा आणि पुढच्या वेळी कोणी रिमच्या फटीतून पाहून निदान सांगू लागले, तर ते शेजारी-शेजारी ठेवून दाखवा.