चित्रपटांच्या परदेशी वितरणातील करिअर

प्रश्न (रत्नागिरी): माझी भाची वाणिज्य पदवीधर असून चित्रपट व मालिकांचे हक्क परदेशांत विकण्याच्या क्षेत्रात तिला जायचे आहे; सुरुवात कोठून करावी?

उत्तर (मालवण): आधी करार वाचायला शिकावे. एकाच चित्रपटाचे हक्क देश, भाषा, मुदत आणि माध्यम यांनुसार वेगवेगळे विकले जातात, त्यामुळे एकाच प्रदेशाचे हक्क चुकून दोघांना दिले गेले, की निस्तरताना नाकी नऊ येतात.

उत्तर (वेंगुर्ले): फ्रान्समधील कान महोत्सवात भरणारा चित्रपट-हक्कांचा बाजार तूर्त लांबच, गोव्यात २००७ पासून भरणारा तसाच फिल्म बाजार (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) तिने आधी पाहावा. शिवाय संवाद वगळून संगीत व ध्वनींचा स्वतंत्र ट्रॅक आहे का, हे निर्मात्याला विचारावे, कारण त्यावाचून डबिंग करू इच्छिणारा खरेदीदार बहुधा माघारी फिरतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. फ्रेंच शिकावी का?

मालवण: जरूर, परंतु करारांचे इंग्रजी आधी पक्के करावे.