हायब्रिड गाडीत उताराला 'बी' लावायचा, की ब्रेकच पुरेसा?

सावकाश_चला (धागाकर्ता)

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, चालवणाऱ्यांत एक पक्की समजूत दिसते. उतार लागला की गियरचा दांडा 'डी'वरून (नेहमीचा ड्राइव्ह) 'बी'वर (इंजिनाच्या ओढीने गाडी मंदावणारा) ओढायचा, म्हणजे बॅटरी जास्त चार्ज होते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हाताशी आलेली वीज मुद्दाम उधळण्यासाठी 'बी' दिलेला आहे आणि रोजच्या चालवण्यात त्याला हात लावायची गरज नाही.

टोयोटाची पद्धत, म्हणजे १९९७च्या पहिल्या प्रियसपासून चालत आलेली रचना डोळ्यासमोर ठेवून बोलतोय. 'डी'मध्ये ब्रेकचं पेडल हलकं दाबलं की आधी मोटर जनरेटर होते, गाडीला मागे खेचते आणि वीज बॅटरीत जाते. पेडल जोरात दाबलं किंवा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास उतरला, की ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कला धरतात. ही वाटणी कंप्युटर करतो, आपल्या पायाला कळतही नाही.

'बी'मध्ये पेट्रोल बंदच असतं, पण गाडीतली दुसरी मोटर इंजिनाला गरागरा फिरवते. इंजिन नुसतीच हवा ओढतं आणि दाबतं, त्यात ऊर्जा खर्च होते. ते फिरवायला लागणारी वीज चाकांकडूनच येते. एरवी ती बॅटरीत गेली असती. मग 'बी'ने चार्जिंग वाढेल कसं?

उतारवळण

पुस्तकात ठीक आहे हो, पण डोळ्यांना दिसतं त्याचं काय? ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की 'डी'मध्ये चार्जचा काटा जेमतेम हलतो, 'बी'मध्ये चांगला खाली जातो. वीज जात नसेल तर काटा काय हौस म्हणून हलतो?

सावकाश_चला

काटा खरं तेच दाखवतोय, तुलना चुकीची आहे. पाय सोडल्यावर 'बी' गाडीला 'डी'पेक्षा जास्त ओढून धरतो, म्हणून चार्जही जास्त दिसतो. आता 'डी'मध्येच ब्रेकला पाय लावून वेग तितकाच कमी करा आणि मग काटा बघा. तेवढ्याच मंदावण्यात 'डी' जास्त वीज परत देतो, कारण इंजिन फिरवायचा खर्च वाचतो.

कानाला_लागतं

'बी' लावला की इंजिन एवढं ओरडतं की बसलेले विचारतात, काय बिघडलं का? आणि एवढ्या आरपीएमला पेट्रोल जात नाही, हे पटत नाही.

ग्रीसचे_हात

पेट्रोल जात नाही. ताजं मायलेज दाखवणारी पट्टी उतारावर बघा, ती शेवटच्या टोकाला चिकटलेली असते. आवाज आहे तो नुसत्या फिरणाऱ्या इंजिनाचा.

पण धागाकर्त्याच्या 'हात लावायची गरज नाही' या वाक्याला माझा सक्त विरोध आहे. फ्लायओव्हरच्या उतारापुरतं ते ठीक. घाटाचा हिशेब मांडून बघू. माणसांसकट गाडी १५०० किलो, उतार ६ टक्के, वेग ताशी ६० किलोमीटर. गुरुत्वाकर्षण गाडीला साधारण साडेचौदा किलोवॅटने खाली ढकलतंय. त्यातले चारेक किलोवॅट हवा आणि टायर खातात. उरलेले दहा कुठेतरी जिरवायलाच हवेत, नाहीतर वेग वाढत जाणार.

जुन्या प्रियसची बॅटरी होती साधारण १.३ किलोवॅट-तासाची. त्यातलीही सगळी वापरात येत नाही, आयुष्य वाढावं म्हणून कंप्युटर ती ढोबळमानाने ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवतो. निम्म्याच्या थोडं वर असताना उतार सुरू झाला, तर पाव किलोवॅट-तासाच्या आसपास जागा उरते. दहातले सातेक किलोवॅट बॅटरीपर्यंत पोचतात असं धरा. दोन-सव्वादोन मिनिटांत, म्हणजे दोन-सव्वादोन किलोमीटरांत भांडं भरलं! घाट दहा किलोमीटरांचा असेल तर पुढचे आठ किलोमीटर ती उष्णता कोण घेणार? पॅड आणि डिस्क.

तापलेल्या ब्रेकची गंमत नसते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जातं. उधळपट्टीसाठीच 'बी' दिलाय हे मान्य. पण घाटात ती उधळपट्टीच जीव वाचवते.

निवांत_प्रवासी

ग्रीसचे_हात, हिशेब आवडला, पण दोन गोष्टी राहिल्या. एक, घाट उतरण्याआधी बहुतेक वेळा घाट चढलेला असतो. चढताना बॅटरी खर्च झालेली असते, म्हणजे जागा जास्त मिळते. दुसरं, बॅटरी भरली की गाडी 'डी'मध्येही आपणहून इंजिन फिरवायला लागते. इंजिनिअरांनी विचार केलाय ना, मग आपण दांडा कशाला ओढायचा?

ग्रीसचे_हात

चढावर बॅटरी रिकामी होतेच असं नाही, इंजिन तिला मध्येच भरतही असतं. माथ्यावर पोचल्यावर स्क्रीनवर किती पट्ट्या आहेत ते बघून ठरवावं. आणि गाडी आपोआप करते ते बॅटरी भरल्यावर. तोवर तुमचा पाय ब्रेकवर असतो आणि एका वळणावर अचानक इंजिन गरजतं, पायाखालची पकड बदलल्यासारखी वाटते. नवखा माणूस तिथे दचकतो. त्यापेक्षा माथ्यावरच 'बी' लावा, सुरुवातीपासून एकसारखी ओढ राहते.

मागचा_माणूस

तुमच्या मागे चालणाऱ्याचा विचार कोणीच केला नाही. ब्रेकवर पाय ठेवला की मागचे लाल दिवे लागतात. 'बी'च्या ओढीने गाडी मंदावते तेव्हा बहुधा दिवे लागत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १३-एच मध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यावर होणाऱ्या रीजनरेटिव्ह ब्रेकिंगसाठी (मोटरने गाडी मंदावून वीज परत मिळवणं, थोडक्यात 'रीजन') आकडे आहेत. मंदावण्याचा दर १.३ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंदच्या वर गेला तर दिवे लागलेच पाहिजेत, ०.७ किंवा त्याखाली लागता कामा नयेत, मधल्या पट्ट्यात निर्मात्याची मर्जी. त्यामुळे 'बी' लावा, पण मागे कोणी चिकटून येत असेल तर पेडलाला नुसता पाय टेकवा. दिवे लागतील.

सावकाश_चला

हा मुद्दा मान्य. घाटाबद्दलही मी भांडत नाही, उतार लांब असेल तर 'बी' हवाच. माझा राग आहे तो सिग्नल दिसला की 'बी' करणाऱ्यांवर. ताशी ६० वरून थांबताना हाताला लागणारी एकूण ऊर्जा ०.०६ किलोवॅट-तासाहून कमी असते. तीही अर्धवट इंजिनात घालवायची आणि वर म्हणायचं, मी मायलेज वाढवतोय!

दोन_पेडलं

'न्यूट्रल'वाल्यांनाही कोणीतरी सांगा. उताराला 'एन' लावला की गाडी पेट्रोल वाचवते असं मानणारे अजून आहेत. 'एन'मध्ये मोटर सुटलेली असते, चार्जिंग शून्य आणि इंजिनाची ओढही शून्य. सगळा भार पॅडवर. 'बी'पेक्षा वाईट तेच.

प्लगवाला

ज्यांची प्लग-इन हायब्रिड (बाहेरून प्लग लावून चार्ज होणारी) आहे आणि घर डोंगरावर, त्यांच्यासाठी: रात्रभर चार्जिंग करून १०० टक्के भरलेली गाडी सकाळी खाली न्याल तर रीजनला जागाच नसते. मर्यादा लावायची सोय असेल तर थोडी जागा मोकळी सोडा.

उतारवळण

आणि माइल्ड हायब्रिड, म्हणजे छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते ती? माझ्या भावाच्या गाडीत गियर हातानेच टाकायचा असतो, 'बी' वगैरे काही नाही.

ग्रीसचे_हात

त्याला हा वाद लागूच नाही. बेल्टवर बसलेला तो छोटा जनरेटर फार काही ओढू शकत नाही, पण क्लचच्या पेडलावर पाय नसेल तोवर इंजिन चाकांना जोडलेलं असतं. ज्या गियरने चढलात त्याच गियरने उतरा.

एक मात्र दोन्ही प्रकारांत लक्षात ठेवा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, तर ही सगळी ओढ फक्त पुढच्या दोन टायरांवर येते. निसरड्या, ओल्या उतारावर वळणाच्या मध्येच 'बी' ओढू नका, वळणाआधी सरळ रस्त्यावर लावा. चाक घसरून एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागा झाला की रीजन सुटतं आणि गाडी क्षणभर मोकळी झाल्यासारखी वाटते. अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, घाबरून सोडायचा नाही.